आशाबाईची गार गाडी

…नाय हो, ती गेटातली पांढरी गाडी आमचीच हाये, पण तिच्याकडं असं टक लावून बघू नका, तिला खपत नाय, बोंबलती. खरंच सांगतो. बसा तुम्ही. टँकर आल्याबिगर मशिनी चालू व्हायच्या नायत असं तो काउंटरवरचा म्हणला ना? मग आत आपापली माणसं झोपवलेली अन् आपण हितं पत्र्याखाली, दुसरं करायचं तरी काय? मी पुंजाराम, फुलंब्रीकडचा. आत शिवराजची माय हाये, आशाबाई. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायचं. तुमचं बी तेच, त्यांचं बी तेच, म्हणून तर सांगतो, दुसऱ्याला कळायचं नाय.

तर शिवराज माझा पोरगा. कंपनीत हाये, सावंगीकडं फ्लॅट घेतला. फ्लॅट कुठं, तर मी बाजाराला येताना ज्या बाभळीखाली बैल सोडायचो तिथं पाच मजले उभे केलेत, अन् त्याला नाव दिलंय जलधारा! नळाला पाणी बाराव्या दिवशी. अन् गाडी उभी करायला सावली म्हणाल तर ती बाभळ होती तेवढीच, ती तोडली. मे महिन्यात त्या गाडीचं दार उघडलं की भट्टीवानी वाफ अंगावर येती, सीटवर हात ठेवावा तर चटका, अन् त्यात शिवराजची माय बसायची, पदर खाली घालून. 'बसते मी, बसते, तुम्ही चला,' म्हणायची. तिचं आयुष्यच तसं गेलं, चटका बसला तरी तुम्ही चला. एक दिवस हर्सूलपाशी तिची मान अशी… बाजूला पडली. पाणी पाजावं तर डॉक्टरची बंदी. दिवसाला दोन पेले, बास! तुम्हाला सांगतो, सरकारनं दुष्काळ जाहीर करायच्या आधी डॉक्टरनं आमच्या घरात जाहीर केला. सगळी गल्ली पाण्यासाठी भांडती, हंडे आपटती, अन् आमच्या घरात एक बाई अशी की तिच्या वाटणीचं पाणी उरतंय. अन् तिचं रक्त धुवायला मशिनीला किती लागतंय? ड्रम भरून! जिनं प्यायचं नाय तिच्यासाठी टँकर.

त्या दिवशी पोरगं रडलं. मिशा आलेला बाप्या, स्टेरिंगवर डोकं टेकून रडला. मग म्हणला, 'आबा, मी गाडीला रिमोट बसवतो. गॅलरीतून बटण दाबायचं, गाडी आपोआप चालू, एसी चालू, माय जिना उतरेस्तवर गाडी गार. संगं चोराचा अलार्म बी येतो. नुसतं बटण दाबायचं.'

नुसतं बटण दाबायचं! आता तुम्हीच सांगा, आपल्या जन्मात कोणती गोष्ट नुसतं बटण दाबून झाली? पण मायसाठी म्हणला, मग मी कसा नाय म्हणू? गेलो संगं. वाजेद मिस्त्री, माणूस चांगला, नावं ठेवीत नाय मी. त्यानं ती डबी उघडली अन् मला म्हणतो, 'चाचा, डब्बे के अंदर का रिले कमजोर है. स्टार्टर भोत करंट खींचता. डायरेक्ट जोडे तो डब्बा जल जाता. इसकू बाहर से अलग रिले लगाना पडता, हौ.' म्हणलं, बाबा, मला कशाला रिले शिकवतो? माझ्या हिरीच्या मोटरीला होता की! बारका करंट हुकूम सोडतो अन् मोठा करंट काम करतो. पाटलानं हाक मारायची अन् गड्यानं नांगर धरायचा, एवढंच त्यातलं इंगित. घरी बाजंवर पडल्या पडल्या फोन लावायचा, वावरात मोटर चालू. तव्हा बी दुकानदार हेच म्हणला होता, नुसतं बटण दाबायचं. दाबलं मी! मोटर चालू झाली, हिरीत पाणी नाय, कोरडी चालून जळाली. रिलेला काय सुदीक झालं नाय. अजून पेटीत टिक् करतो.

तर वाजेदनं डॅशबोर्ड सोडला. आतून वायरी अशा बाहेर आल्या की मला बघवंना, बोकड सोलल्यावानी. एक रिले स्टार्टरला, एक चावीच्या लाइनीला, एक एसीला अन् एक चोराला. म्हणलं, चोराला कशाला रिले? तर म्हणतो, 'अलार्म बजा तो ये रिले स्टार्टर का तार तोडता, चाचा. फिर चोर का बाप बी आया तो गाडी चालू नै होती.' लई चांगलं. अन् जाता जाता म्हणतो, 'बस न्यूट्रल में खडी करना. गियर में रखके बटण दबाए तो उछलती.'

आता आली का पंचाईत? आपल्याकडं न्यूट्रलमधी गाडी उभी करतं कोण? हँडब्रेकवर कोणाचा भरोसा? जीप असू दे, ट्रॅक्टर असू दे, गियरात टाकायची अन् चाकाला वीट लावायची, तव्हा कुठं रातच्याला झोप लागती. दुसऱ्याच दिवशी आमच्या सूनबाईनं, मोनिकानं, गॅलरीतून बटण दाबलं. गाडीनं अशी उडी मारली, वीट ओलांडून गेली, अन् म्होरं सोसायटीचे ड्रम! नुकतेच भरलेले! आडवे झाले. बायका धावल्या, कोणी फडक्यानं टिपून बादलीत पिळतंय, कोणी आमच्या नावानं बोटं मोडतंय. मोनिका वरून रडत, 'मामा, मी नुसतं बटण दाबलं हो!' व्हय बाई, नुसतं बटण दाबायचं.

मग वाजेदनं अजून एक तार टाकली. गाडी गियरात असली तर ती बटणाला दाद देत नाय. झालं? नाय झालं. आता अलार्म. कावळा बसला, बोंबलली. शेजारच्या बांधकामावर खडी ओतली, बोंबलली. मला शिंक आली, आईच्यान, बोंबलली! अन् बोंबलली की तो चोराचा रिले टिक्, स्टार्टर बंद. चोर कोण, तर आम्हीच.

पण खोटं कामून बोलू? ज्या दिवशी चालली त्या दिवशी चालली. शिवराजची माय जिना उतरली, दार उघडलं, गार वारा आला. ती बसली अन् दोन्ही हात एसीसमोर धरले. मग म्हणली, 'आवो, खुलताबादच्या दर्ग्यात फरशीवर बसल्यावानी वाटतंय.' मी खिडकीकडं तोंड केलं. तव्हापासून ती सांगत सुटली, नर्सबाईला, भाजीवालीला, जिन्यात भेटंल त्याला, 'माझ्या शिवराजनं मायसाठी गाडी गार करायचं यंत्र बसवलं.' तुम्हाला बी सांगितलं असंल आत. सांगितलं ना? तरी वाटलंच.

आज काय झालं, तिला उतरवायला गाडी गेटात घेतली. चाकाच्या खुर्चीत बसवली, आत नेली. परत येऊन शिवराजनं चावी फिरवली, तर टिक्. नुसतं टिक्. 'आबा, चोराचा रिले अडकलाय, मी वाजेदला घेऊन येतो,' म्हणला अन् कोणाच्या तरी फटफटीवर बसून गेला. जाताना काय करावं पोरानं? सवयीनं गियरात टाकली, चाकाला वीट लावली अन् बटण दाबून कुलूप लावलं! बंद पडलेली गाडी कोण नेणार रे बाबा? चावी त्याच्या खिशात, रिमोट त्याच्या खिशात, फोन लावावा तर उचलंना…

थांबा. हॉर्न कोणाचा? टँकर! आला बगा, आला… अन् ही बगा, झाली सुरू! हॉर्न खपत नाय तिला! अगं गप! …काय? व्हय, गाडी माझी, म्हणजे पोराची. काढतो की, पण निघत नाय ती. नाव काय म्हणलात ह्या टँकरवाल्याचं, सांडू? सांडू, बाबा, दम धर जरा, आत माणसं झोपलीत मशिनीपाशी. …आता म्होरं बांधकामावर जायचंय म्हणून काय झालं, तुझा स्लॅब अन् तुझा मिक्सर जरा थांबंल का नाय? म्हणतो, 'तिथं बिल्डर उभा हाये, मला हितं थांबून चालत नाय.' अरे, सिमेटाला पाणी लागतंय तसं माणसाला बी लागतंय! उठा हो, उठा, बघता काय? ढकलून नाय जायची, गियरात हाये, उचला! ताई, तुम्ही वीट काढा. दादा, तुम्ही मागून धरा. हं… उचल… अजून… लई जड हाये रांडची… ठेवा, ठेवा, पाय सांभाळा.

झाली वाट मोकळी. हत्ती जाईल एवढी मोकळी झाली. सांडू, ये बाबा… सांडू?

गेला?

काउंटरवरचा काय म्हणतोय? दुसरा टँकर संध्याकाळी. आला तर.

अन् ही बगा, आता गप बसली.

बोला मला. शिव्या द्या, हक्क हाये तुमचा, तुमची बी माणसं आतच हायेत. मी खाली मान घालून ऐकतो. फक्त एक करा. आत गेलात अन् तिनं इचारलं, तर गाडीचं नाव काढू नका. ती म्हणंल माझ्यापायी सगळ्यांचं पाणी गेलं, अन् पुन्हा त्या गाडीत पाय ठेवायची नाय, रणरणत्या उन्हात एसटीनं येईल. पोराकडं बी बघवायचं नाय मला. तिला सांगा, टँकरच आला नाय. या साली एवढं सांगितलं की कोणीबी म्होरं काय इचारीत नाय.