मीठ वितळत नाही

आमचा जावई ठरला तो एका चुकीच्या क्रियापदामुळे. खोटं नाही सांगत!

निखिल मराठी घरातला, पण जन्मापासून जयपुरात. माझी मुलगी मुक्ता त्याला पहिल्यांदाच मानसरोवर भागातल्या आमच्या घरी घेऊन आली होती. ताक ढवळता ढवळता तो म्हणाला, "काका, मीठ वितळलं की पितो."

आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेला माणूस मी. डोकंच फिरलं. "अरे, मीठ वितळायला आठशे डिग्री लागतात! पाण्यात ते विरघळतं. कसं विरघळतं, सांग बघू!"

निखिलनं इकडेतिकडे पाहिलं. मुक्ताला आत्या-मावश्यांनी केव्हाच आत नेलं होतं, आणि त्याला खेटून मी, माझा भाऊ आणि दोन शेजारी बसलो होतो.

"मतलब, आत्ता झालं ना काका, तसंच. आम्ही जोडीनं आलो, सोडियम आणि क्लोराइडसारखे. पाण्याचं एक टोक सोडियमला ओढतं, दुसरं क्लोराइडला. बायकांनी मुक्ताला घेरून आत नेलं, तुम्ही मला इथे घेरलंत. मीठ गायब नाही झालं, काका. फक्त त्या दोघांना कोणी जवळ येऊ देत नाहीये."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, ऐकलंत ना? मग उठा तिथून! पाणी आटल्याशिवाय मीठ परत जमायचं नाही!"