पुलावरची हाक

चीनमधल्या ग्वेइजौच्या डोंगरात चढणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर अस्थींचा डबा घेऊन बसली होती. शेजारी एक अनोळखी माणूस.

“पूल आला रे मिनशंग, माझ्या मागोमाग ये.”

“मघापासून कुणाशी बडबडताय, मावशी?” शेजारच्याने विचारलं.

“लेकाशी. शहरात कामावर असताना गेला. घरी नेतेय. पुलावर हाक नाही मारली, तर जीव अलीकडेच राहतो.”

“या नव्या रस्त्याला पूलच पूल आहेत!”

“म्हणून तर. त्याने हा रस्ता पाहिलाच नाही.”

“जरा डोळे मिटा.”

“आणि पूल आला तर?”

“उठवतो की.”

पूल आला तेव्हा म्हातारी गाढ झोपली होती. तो डब्याकडे वाकला.

“मिनशंग, पूल आला बाबा. आई दमलीय. माझ्या मागोमाग ये.”