दुसऱ्यातून तिसऱ्यात

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेला शेजारचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत. समोर एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्याजवळ मेकॅनिक, एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा मुलगा.

"झटका नेमका कधी बसतो, काका?"

"दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना."

"ऑटोमॅटिक आहे हो, गिअर गाडीच बदलते. बाबांचा पाय थरथरतो, त्याचे झटके आहेत हे. म्हणून मी त्यांचं चालवणं बंद केलंय. विकण्यापुरती नीट करून द्या."

"तुम्ही स्वतः चालवून पाहिलीत?"

"मी? नाही."

"मग चला, एक चक्कर मारू. मी शेजारी बसतो."

थोड्या वेळाने दोघं परतले. मुलगा गाडीतून उतरला. मेकॅनिकने बॉनेट उघडून ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढली.

"बसला ना झटका? आता हे गिअरचं ऑईल बघा. लाल हवं, ते काळं पडलंय. वास घ्या, जळकाच येईल. गिअर आधी घसरतो, मग एकदम पकडतो. पायाचा काही संबंध नाही."

"पाय थरथरतो, ते मात्र खरं आहे हो."

"असेल, काका. पण हा झटका त्याचा नाही."

"बाबा, मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे म्हणत होतात, तेव्हा मलाही वाटायला लागलं, की माझंच चुकतंय."

"दुरुस्त झाली, की घरी तुम्हीच चालवत न्या, बाबा."

"नेईन. पण तू शेजारी बस."