टॅगार्टच्या पुड्या

नेब्रास्का, १९१८. टपाल कचेरीच्या रांगेत खासदार टॅगार्टची बहीण मान खाली घालून उभी होती. पुढं दोघी बोलत होत्या.

"हल्डा, त्या टॅगार्टनं पाठवलेलं फुकटचं बियाणं घेतेस? युद्धाविरुद्ध मत दिलं मेल्यानं!"

"माझ्या पेन्शनसाठी चार वर्षं भांडला तो. तेव्हा कुठं होतीस तू?"

"यंदा निवडणुकीत आपटणार बघ."

"आपटेल की. माझा थोरलाच त्याला पाडायला निघालाय."

"आणि धाकटा?"

"त्याचं मत द्यायचं वय नाही गं अजून. बंदूक धरायचं मात्र झालंय म्हणे. परवा फ्रान्सला निघालाय."

"देव सांभाळेल."

"देवाचं माहीत नाही. माझ्या पोराच्या जिवासाठी एकच मत पडलं, ते टॅगार्टचं. तुला नको असेल तर तुझीही बियाण्याची पुडी आण इकडं."