साहेबाची खुर्ची

वर्गात थोडं नाटक करून घेतलं की इंग्रजी पटकन तोंडात बसतं, असं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगायचे. हसनचाचा भेटेपर्यंत!

इथे आखातात शुक्रवारी सुट्टी असते; त्या दिवशी सकाळी सालमिया भागातल्या एका हॉलमध्ये मी कामगारांना बोलायचं इंग्रजी शिकवते. हसनचाचा रत्नागिरीकडचे, इथल्याच शुवैख भागातल्या गॅरेजात पंचवीस वर्षं कामाला. पुढच्या महिन्यात मुलीचा निकाह होता, रविवारी कामावर गेल्यावर रजा मागायची होती आणि नव्या साहेबाला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. म्हटलं, आजचा धडा तोच. मी साहेब झाले.

चाचा अगदी स्वच्छ बोलले, "सर, आय नीड फिफ्टीन डेज लीव्ह."

"नो!" मी म्हणाले. आधी नकार द्यायचा, म्हणजे माणूस आणखी बोलतो, ही आमची शिकवायची युक्ती.

"ओके सर," म्हणून चाचा जागेवर जाऊन बसले.

"अहो चाचा, कारण सांगा, परत मागा!"

"साहेब नाय बोलले ना, बाई. मग परत कशाला विचारायचं?"

मग मी चाचांनाच माझ्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, आता तुम्ही साहेब आणि रजा मी मागते. मी जेमतेम "सर, माय डॉटर..." म्हणतेय, तर चाचा ताडकन उभेच राहिले. "गो, गो! वन मंथ गो! टिकीट आय गिव्ह!"

"चाचा, साहेब इतक्या लवकर हो म्हणतो का? मला बोलू तरी द्या!"

चाचा हळूच खाली बसले. "साहेब असा असता, तर मी इंग्रजी शिकायला कशाला आलो असतो, बाई?"