डांबरगोळ्या

पिल्लाच्या नाकाला पांढरी भुकटी लागली होती. डांबरगोळीचा वास दवाखान्यातल्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या मैथिलीपर्यंत येत होता. तिने आपल्या मांजराची टोपली जवळ ओढली. खारी नावाचं ते कुत्र्याचं पिल्लू शेजारच्या बापलेकीचं होतं.

"गिळली नाही ना गं श्रिया तिने?"

"नाही बाबा, मीच काढली तोंडातून. पण डॉक्टरांना दाखवू, जिवाला घोर नको."

"अंगणातली कण्हेर तोडली, फाटकाला जाळी मारली, वायरी वर घेतल्या. आणि ही खारी शिरली कुठे, तर तुझ्या आईच्या ट्रंकेत!"

"ट्रंक उघडी कोणी ठेवली?"

"गोळ्या बदलत होतो."

"परत?"

"साड्यांना कसर लागेल."

"बाबा, आई गेल्यापासून हेच चाललंय. कुत्र्यांना विष असतं ते."

"मग ट्रंक माळ्यावर टाकू."

"मी दिवाळीत तेच म्हटलं, तर दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

"ती असती तर हिला उंबरा ओलांडू दिला नसता."

"फक्त पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी साडी फाडून अंथरूण शिवलं असतं. नुसती ठेवलेली साडी आवडायची का तिला?"

खारी बाबांचा अंगठा चावू लागली. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"श्रिया..."

"काय?"

"रविवारी मावशीला बोलाव. तुम्ही दोघी हव्या त्या साड्या घ्या, बाकीच्या वाटून टाका. एक मऊशी तेवढी हिच्यासाठी काढ."