लिलावातला कॅमेरा आणि चार नंबरचा बोलीदार

चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्यांची पत्नी, वय ५६ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार बेकरीच्या वर, दुसरा मजला, जिन्यालगतचे दार. आज सकाळी साडेदहा वाजता यजमानांसह पोलीस ठाण्यात हजर होऊन, देवाला स्मरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व यजमान असे दोघे राहतो. थोरली मुलगी लग्न होऊन परगावी आहे. स्टुडिओवर आमचे घर चालते. गेल्या महिन्यात एका लग्नात, ऐन समारंभात यजमानांच्या कॅमेऱ्याचे शटर बंद पडले. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, आता याला कपाटात ठेवा." येत्या एक तारखेपासून कारखान्यातल्या चारशे कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढण्याचे काम त्यांना मिळाले आहे. कॅमेरा नसेल तर ते काम जाते. यजमान म्हणाले, "जाऊ दे. दुकानच बंद करतो. खूप झालं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही.

घरखर्चातून बाजूला टाकलेले ऐंशी हजार रुपये माझ्याजवळ होते. यजमानांना ते माहीत नव्हते. आता हे सांगत असताना झाले.

थोरलीने मला लिलावाच्या साइटवर खाते उघडून दिले. तिने बजावले होते, "आई, पैसे साइटवरूनच भर. बाहेर कुणाशी व्यवहार करू नकोस." हे तिने दोनदा सांगितले होते, हे मी नाकारत नाही. यजमान वापरतात त्याच कंपनीचा, पण त्याहून पुढचा, वापरलेला कॅमेरा दोन लेन्ससह लिलावात होता. नवा घ्यायचा तर दीड लाखाच्या वर जातो.

मागच्या मंगळवारी दुपारी चारला लिलाव संपणार होता. तीनला मी देवाजवळ दिवा लावला आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले. यजमान दुकानात होते. साइटवर नावे दिसत नाहीत, नंबर दिसतात. माझा नऊ होता. पन्नास हजारांनंतर बाकीचे गळाले आणि मी व चार नंबर असे दोघेच उरलो. मी पाचशे वाढवले की तो पाचशे वाढवी. मी थांबले की तोही थांबे. यावरून माझी खात्री झाली की चार नंबर हा विकणाऱ्याचाच माणूस असून मला वर चढवण्यासाठी बसवलेला आहे. (यजमानांना या वेळी खोकला आला. पाणी दिले.) मी त्याला उद्देशून जे बोलले ते इथे लिहू नये. नंतर देवाची क्षमा मागितली आहे. तीन अठ्ठावन्नला त्याने अठ्ठ्याहत्तर हजार लावले. मी अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे लावले. मग तो गप्प बसला व लिलाव मला मिळाला.

पाच मिनिटांत विकणाऱ्याचा निरोप आला, "ताई, साइट दलाली कापते. थेट माझ्या खात्यात भरा, चार हजार कमी घेतो." मी आठ म्हटले. तो म्हणाला, "ताई, मी बुडेन." मी म्हटले, मग राहू द्या. तो साडेसातवर आला. भाजीपासून सोफ्यापर्यंत मी कोणतीही वस्तू पहिल्या भावाला घेतलेली नाही. त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे कबूल करते.

एकाहत्तर हजारांपैकी निम्मे, म्हणजे पस्तीस हजार पाचशे, मी त्याच्या खात्यात भरले. निम्मे आधी, निम्मे माल बघून. सुतार, रंगारी, सगळ्यांना मी असेच देते. माल आला नाही. काल त्याने कळवले, "उरलेले टाका, मगच पार्सल सुटेल." मी म्हटले, कॅमेऱ्याशेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवून फोटो पाठवा. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. आज सकाळी यजमानांना मी फक्त "पोलिसांत जायचंय, शर्ट बदला" एवढेच सांगितले.

चार नंबरचा शोध घेऊन त्यालाही आत टाकावे, असे मी हवालदारांना सांगत असता यजमान बाकावरून उठून म्हणाले, "साहेब, एक मिनिट. चार नंबर मी."

मी म्हणाले, "काहीतरीच बोलू नका." त्यांनी मोबाईल पुढे केला. तीन अठ्ठावन्न, अठ्ठ्याहत्तर हजार.

"दुकान बंद करणार होतात ना तुम्ही?"

"करणारच होतो. म्हटलं, शेवटचं एकदा बघावं."

"आणि पैसे?"

"स्कूटरला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. बाकीचे उसने."

हवालदार म्हणाले, "म्हणजे काकू, तुम्हाला वर चढवलं ते..." मी म्हणाले, "कळलं मला. तुम्ही लिहा."

यजमानांनी जाहिरातीतले फोटो पुन्हा पाहून सांगितले की ते दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे आहेत. पुढच्या फोटोत पट्ट्याची कडी घासलेली आहे, मागच्या फोटोत तीच कडी कोरी आहे. "मग बोली लावताना दिसलं नाही?" असे हवालदारांनी विचारले. यजमान म्हणाले, "तेव्हा मी कडी बघत नव्हतो, साहेब."

विकणाऱ्याचा खाते क्रमांक, फोन नंबर व बँकेची पावती सोबत दिली आहे. त्याच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी. हवालदारांनी बँकेला कळवले असून पैसे पुढे गेले की नाही ते संध्याकाळपर्यंत समजेल. उरलेले चव्वेचाळीस हजार पाचशे माझ्याजवळ शाबूत आहेत. इथून आम्ही थेट कॅमेऱ्याच्या दुकानात जाणार आहोत. वापरलेलाच घेऊ, पण हातात घेऊन, दहा फोटो काढून. कामगारांचे काम सोडणार नाही. चार नंबरच्या बोलीदाराविरुद्ध माझी तक्रार नाही.

अठ्ठ्याहत्तर हजारांवर का थांबलात, असे मी यजमानांना इथेच विचारले. ते म्हणाले, "समोरचा काही केल्या सोडेना. मला वाटलं, त्याचं पोट असेल त्यावर. म्हटलं, घेऊ दे त्याला."

याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असे हवालदार म्हणाले. मी ते लिहायला लावले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला व एक आकडा दुरुस्त करून घेतला. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून सही केली.